काच, तांबं आणि दोघी बहिणी

"या गल्लीत कुणी कसलं इंटरनेट घ्यायचं ते मी ईस्टरला सांगतो. तोवर कुणी कशावरही सही करायची नाही," असं झीगमारने नव्या वर्षाच्या पहिल्याच रविवारी, खसखशीच्या केकवर काटा रोखून जाहीर केलं, आणि टेबलाभोवती बसलेल्या शेजाऱ्यांना अगदी हायसं वाटलं.

हायसं वाटायला कारण होतं. झीगमारने जर्मनीच्या पूर्वेकडच्या लाउटरहाइन गावातल्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण गुण द्यायची खोड सुटली नाही. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे उद्या पालकांना घेऊन ये, असा तिथला हिशेब. झीगमार बेकरीतल्या पावाला गुण देई, पाद्रीबाबांच्या प्रवचनाला देई, जावयाला तर लग्नाच्या पंगतीतच त्याने 'तीन वजा' दिले होते. बायकोच्या, म्हणजे रोझविथाच्या, खसखशीच्या केकला लग्न झाल्यापासून 'दोन अधिक' मिळत आले होते. एक मात्र त्याने आजवर कुणालाच दिला नव्हता. एक दिला की माणूस सुधारायचा थांबतो, असं त्याचं म्हणणं. रोझविथाचं म्हणणं असं की एक द्यायला आधी मन मोठं लागतं.

शिवाय तारांच्या विषयात झीगमारचा शब्द म्हणजे गावात शेवटचा. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडची टेलिफोनची जुनी जाळी उखडून नवी टाकायची ठरली, तेव्हा गावच्या समितीत हाच बसला होता. तांब्याच्या तारा काय, सगळीकडेच असतात, आपल्या गावात काचेच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या, टाका, असं म्हणून त्याने अशी काही भाषणं ठोकली की कंटाळून का होईना, काच मंजूर झाली. त्याच्या नावाची पितळी पाटी नगरपालिकेच्या भिंतीवर अजून आहे आणि ती महिन्यातून एकदा चोळायला झीगमार स्वतः जातो.

त्या वेळी अख्ख्या गल्लीत एकच माणूस आडवा आला. समोरच्या घरातला एगोन नोबिस, रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याच्या अंगणातून चर खणावा लागणार होता आणि तिथे त्याचा रुबार्बचा वाफा होता. आंबट देठांचा, ज्याचा मुरंबा ते लोक चवीने खातात. एगोनने खणू दिलं नाही. झीगमारने भर सभेत त्याला सहा गुण दिले. तोवर दोघांची अरे-तुरेची दोस्ती होती. दुसऱ्या दिवसापासून ते एकमेकांना अहो-जाहो करू लागले, आणि त्या देशात याहून मोठी शिवी नाही.

आता इंटरनेटकडे येऊ, म्हणजे खरं तर रोझविथाकडे.

रोझविथाला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या धाकट्या बहिणीला, आनेलोरेलाही नाही. दोघी एका पलंगावर वाढल्या आणि शाळेत खुणांची भाषा शिकायच्या आधीच त्यांनी पांघरुणाखाली स्वतःची एक भाषा करून ठेवली होती. पुढे आनेलोरे लग्न होऊन दूर ब्रेमेनला गेली आणि तिच्यामागे देशाच्या मधोमध भिंत उभी राहिली. किती तरी वर्षं दोघी पत्रांवर राहिल्या. भिंत पडल्यावर त्या दर उन्हाळ्यात भेटू लागल्या, आणि भेटल्या की स्वयंपाकघरात बसून इतक्या बोलायच्या की संध्याकाळी एकमेकींच्या खांद्यांना मलम चोळायची वेळ यायची.

पत्रांची त्यांना सवय होती. पण पत्रात पांघरुणाखालची भाषा लिहिता येत नाही. घरात फोन होता, अगदी जुन्या राजवटीतला. त्यासाठी अर्ज केला तेव्हा झीगमारच्या डोक्यावर दाट केस होते आणि फोन आला तेव्हा भांग कुठून पाडायचा हा प्रश्नच उरला नव्हता. फोन बघायला सगळी गल्ली लोटली. रोझविथाने सगळ्यांना कॉफी केली, मागाहून कप धुतले, आणि तेव्हापासून ती न चुकता त्या फोनवरची धूळ पुसत आली. तो तिच्यासाठी एकदाही वाजला नव्हता.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी आनेलोरेचा उजवा हात थरथरू लागला. हा आजार वाढत जाणारा आहे, असं डॉक्टर म्हणाले. आधी अक्षर गेलं, मग पत्रंच बंद झाली. ब्रेमेनमधल्या ज्या वृद्धाश्रमात ती राहत होती, तिथल्या फ्राउके नावाच्या मुलीने चार ओळी लिहून पाठवल्या: आमच्याकडे संगणकाला कॅमेरा बसवलाय, तुम्हीही बसवा, आनेलोरेबाईंचे हात चालतायत तोवर.

रोझविथाने ते पत्र झीगमारच्या ताटाशेजारी ठेवलं आणि हातांनी म्हणाली, "हे मला हवंय. रोज. थोडंसं का होईना."

रोझविथाने संसारात काही मागितलं नव्हतं असं नाही. पण कपडे धुवायचं यंत्रसुद्धा तिने सुचवून-सुचवून मिळवलं होतं. असं सरळ 'हवंय' ती पहिल्यांदाच म्हणत होती. झीगमारचा घास हातातच राहिला. तिच्यासाठी आपण जगातली सर्वांत उत्तम लाइन आणायची, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. आणि सगळा घोळ नेमका इथेच सुरू झाला, कारण साधी लाइन आणायला आठवडा लागला असता. उत्तम लाइन आणायची तर तुलना करावी लागते.

घरात आयएसडीएन नावाची लाइन होतीच, फोन आणि इंटरनेट दोन्हींची, त्याच काचेवरून आलेली, एके काळी भलतीच नवलाईची. झीगमारने कॅमेरा आणून तिच्यावर एकदा प्रयोग केला. पडद्यावर आनेलोरे आली, पण तिच्या हातांच्या जागी कुणी तरी कणीक तिंबत असल्यासारखं दिसत होतं. प्रश्न विचारून संपला तरी प्रश्नातला अंगठा अजून वाटेतच असायचा. दोघी बहिणी तासभर पडद्याकडे डोळे ताणून बसल्या आणि शेवटी नुसताच टाटा करून उठल्या. झीगमारने आयएसडीएनला पाच गुण देऊन नापास केलं आणि बाह्या सरसावल्या.

मग तो हिवाळा तुलनेत गेला. टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देणाऱ्या जेवढ्या म्हणून तऱ्हा निघाल्या होत्या, त्या सगळ्यांची माहितीपत्रकं त्याने मागवली. जेवणाच्या टेबलावर जागा उरली नाही तेव्हा रोझविथा ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. टेलिफोन केंद्रापासून घर जितकं लांब तितका वेग मंद, असं वाचल्यावर त्याने शाळेतून अंतर मोजायचं चाक उसनं आणलं आणि बर्फ तुडवत केंद्रापासून गल्लीतल्या प्रत्येक दारापर्यंत ते ढकलत नेलं. एगोन नोबिसच्या दारापर्यंतसुद्धा नेलं; तत्त्व म्हणून दारापलीकडे बघितलं मात्र नाही. खिडकीतून एगोन हे सगळं बघत होता. त्याने पडदा लावून घेतला.

मार्चमध्ये झीगमारने गल्लीला बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. स्वयंपाकघरात दोन बादल्या, एक जाड नळी, एक बारीक नळी. एडीएसएल म्हणजे काय, तर घरात येणारी नळी जाड, घरातून बाहेर जाणारी बारीक. बातम्या वाचायला, चित्रं बघायला ठीक. एसडीएसएल म्हणजे दोन्ही नळ्या सारख्या. येतंय तेवढंच जातंय. आणि व्हीडीएसएल नावाचं एक प्रकरण आहे, ते फार जोरात धावतं म्हणे, पण टेलिफोन केंद्राच्या मांडीवर बसलेल्यांसाठीच, आणि लाउटरहाइनपर्यंत ते अजून पोचलेलं नाही, म्हणून त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलंय. एवढं सांगेस्तोवर जाड नळी बादलीतून निसटली आणि कोपऱ्यावर राहणाऱ्या ट्राउडलबाईंच्या मांडीवर एडीएसएलची पूर्ण क्षमता रिकामी झाली.

फरशी पुसता पुसता रोझविथाने नळ्यांकडे बोट केलं. "यातली बाहेर जाणारी नळी म्हणजे मी ना?"

झीगमारने मान हलवली.

"म्हणजे बारीक नळी घेतली तर आनेलोरे मला दिसेल. पण मी तिला दिसणार नाही."

माहितीपत्रकांच्या ढिगातून झीगमारला जे तीन महिने नीट मांडता येत नव्हतं, ते तिने फरशी पुसता पुसता मांडलं. त्याला एकदम भरून आलं. म्हणून त्याने घाईघाईने बादली उचलली.

ईस्टरला निकाल लागला. एसडीएसएलला 'एक वजा' मिळाले आणि गल्लीत खळबळ उडाली. मास्तरांनी एकाच्या घरात पाऊल टाकलं, म्हणजे वस्तू खरंच तशी असणार! एगोन सोडून गल्लीतल्या पाचही घरांनी ठरवलं, आपणही हेच घ्यायचं. ट्राउडलबाईंना इंटरनेट म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नव्हतं, पण एवढं भिजल्यावर मागे कशाला राहायचं, असं त्या म्हणाल्या.

आता त्या देशात नवीन काही घेण्याआधी एक धर्मकृत्य करावं लागतं. जुनं जे असेल ते रीतसर, लेखी, मुदतीच्या आत रद्द करायचं. वेळेवर रद्द करणारा माणूस म्हणजे संसारी, जबाबदार माणूस. मुदत चुकवणारा म्हणजे गबाळा. झीगमारने सगळ्यांना रद्द करायचा मजकूर स्वतः लिहून दिला, त्यात कुणाचा स्वल्पविराम चुकू दिला नाही, आणि पाचही पाकिटं तो स्वतः टपालात टाकून आला. आणि खरोखर, सगळं अगदी ठरल्यासारखं झालं. आयएसडीएन रद्द झालं, ठरलेल्या तारखेला, पाचही घरांत, एकाच सकाळी.

नवी लाइन जोडणारी बाई त्यानंतर आली. उंच होती, हसतमुख होती. तिने तळघरातली पेटी उघडली, आत डोकावली, बाहेर आली, गल्लीच्या तोंडाशी गेली, तिथली पेटी उघडली, आणि परत येऊन म्हणाली, "इथे तांबं नाही."

"अर्थातच नाही," झीगमार छाती काढून म्हणाला. "आमच्याकडे काच आहे. पाटी बघितली नाही का?"

"तीच तर अडचण आहे. हे एसडीएसएल, एडीएसएल, सगळं तांब्याच्या तारेवर चालतं. केंद्रापासून दारापर्यंत तांबंच लागतं. मधे काच आली की संपलं."

"पण काच तांब्याहून चांगली!"

"चांगली आहेच हो. फार आधी आली, एवढंच. तेव्हा ती फोनपुरतीच टाकली." तिला बिचारीला वाईट वाटलं असावं, कारण जाता जाता तिने हातातला नकाशा पुन्हा उलगडून बघितला. "या गल्लीत एकाच घराला अजून जुनं तांबं आहे. ते समोरचं, रुबार्बवालं."

झीगमार दारात तसाच उभा राहिला. पलीकडे एगोन नोबिस पाइपने वाफ्याला पाणी घालत होता. जाड नळीने.

गल्लीला खरी झळ पुढच्या दिवसांत लागली. पाच घरं, पाच मुके फोन. आयएसडीएन परत जोडून द्या म्हणून झीगमारने गावातल्या टेलिफोन कचेरीत जाऊन विनंती केली, तर नव्याने अर्ज करा, काही आठवडे लागतील, असं उत्तर मिळालं. 'अर्ज' हा शब्द ऐकताच त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला. ट्राउडलबाईंचा मुलगा दर रविवारी फोन करायचा. त्यांनी रडतरडत एगोनचं दार वाजवलं. एगोनने त्यांना खुर्ची दिली, फोन दिला आणि वर वाटीभर रुबार्बचा मुरंबाही दिला. ही बातमी पसरली आणि रविवारी दुपारी एगोनच्या दारात केकची ताटं घेऊन रांग लागू लागली. ज्याच्याशी दहा वर्षं कुणी धड बोललं नव्हतं, त्याच्या स्वयंपाकघरात आता बसायला जागा मिळेना. पितळी पाटीवर कुणी तरी एक मोडका रिसीव्हर टांगून ठेवला. झीगमारने पाटी चोळायला जाणं सोडलं.

रोझविथा मुक्या फोनवरची धूळ पूर्वीसारखीच पुसत राहिली. ते त्याला जास्त लागलं. मग ब्रेमेनहून फ्राउकेचं कार्ड आलं. उजवा हात आता जवळजवळ कामातून गेलाय, डावा अजून चांगला आहे, आनेलोरेबाई रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर जाऊन बसतात आणि 'आज का?' म्हणून विचारतात, एवढंच त्यात होतं. रोझविथाने ते कार्ड झीगमारच्या ताटाशेजारी ठेवलं, जिथे पहिलं पत्र ठेवलं होतं तिथेच.

"गुण दे," ती हातांनी म्हणाली, आणि आत निघून गेली.

झीगमारने कार्ड पुन्हा वाचलं. आपण सगळा हिवाळा सर्वोत्तम शोधत बसलो आणि तेवढ्यात तिच्या बहिणीचा एक हात गेला, हे त्याला पहिल्यांदाच असं लख्ख दिसलं. त्याने कोट घातला. तिथे कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून बेकरीत जाऊन केक घेतला, आणि रस्ता ओलांडला. रस्ता चार पावलांचा, पण तो ओलांडायला त्याला दहा वर्षं लागली होती.

एगोनने दार उघडलं. "या, मास्तर. फोन करायचाय? ट्राउडलबाईंचं व्हायचंय अजून."

"फोन नाही करायचा." झीगमारने केक पुढे केला. "तुमच्याकडे तांबं आहे."

"आहे की. तुम्हीच तर सगळ्या गावाला सांगत होता. नोबिसच्या दारात अजून तांबं आहे, नोबिस मागासलेला, नोबिस सहा."

झीगमारने मान खाली घातली. ट्राउडलबाईंनी मुलाला जरा थांब म्हणून सांगितलं आणि रिसीव्हर कानापासून अंमळ दूर धरला.

"मी चुकलो," झीगमार म्हणाला. "पण तुम्ही तरी एका रुबार्बपायी एवढं का अडून बसलात? कारण सांगितलं असतंत तर..."

"ती रोपं हेल्गाने लावली होती," एगोन म्हणाला. हेल्गा म्हणजे त्याची बायको. "चर खणायला माणसं आली तेव्हा ती इस्पितळात होती. पहिली दोन वर्षं रुबार्बच्या मुळांना हात लावायचा नसतो, असं मला बजावून गेली होती. मी नाही लावू दिला. ती परत आली नाही. रुबार्ब आलं."

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही भर सभेत सहा दिलेत, मास्तर. सहा मिळालेला पोरगा कारणं सांगत बसत नाही. घरी जातो."

शाळेत आपण दिलेले सगळे सहा झीगमारच्या डोळ्यांपुढून गेले, आणि ती सगळी पोरं घरी गेली. शेवटी तो म्हणाला, "मी माझ्यासाठी नाही आलो. रोझविथासाठी आलोय. तिची बहीण..."

"मग हे आधी बोलायचं ना!" एगोनचा आवाज चढला. "रोझविथा हेल्गाला भेटायला रोज इस्पितळात यायची. हेल्गाला तेव्हा बोलवत नव्हतं, आणि बाकीचे सगळे बोल, बोल म्हणून मागे लागायचे. ही एकटीच नुसता हात हातात धरून बसायची. तुम्ही तेव्हा काचेच्या सभेत होता. या आत. केक कोणता आहे?"

"खसखशीचा. बेकरीतला. तीन वजा."

"आणि माफीला किती देता?"

झीगमारने प्रामाणिकपणे विचार केला. "तीन."

"मी चार देतो," एगोन म्हणाला. "पास."

एगोनच्या घरी लाइन आली, तीही एसडीएसएलच, कारण झीगमार त्यावर अडून बसला, आणि या एका बाबतीत त्याचं खरं होतं. संगणक, पडदा आणि कॅमेरा उचलून एगोनच्या स्वयंपाकघरात नेण्यात आला. गल्लीला येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी ट्राउडलबाई मुरंब्याची रिकामी वाटी परत करायच्या निमित्ताने आल्याच. रोझविथाने निळा झगा घातला होता, कारण निळ्यावर हात उठून दिसतात. ती खुर्चीत बसली आणि तिने मांडीवर हात एकात एक घट्ट धरून ठेवले.

पडदा उजळला. आनेलोरे समोर आली, आणि या वेळी कणीक नव्हती. पाच बोटं होती, नखं होती, अंगठी होती. उजवा हात मांडीवर पडून थरथरत होता; डावा वर आला आणि त्याने हवेत एक छोटीशी खूण केली. ती कुठल्याच शाळेतली नव्हती. रोझविथाचे हात सुटले.

झीगमारने मोठा श्वास घेतला आणि खिशातून पेन्सिल काढली. चित्राला एक. कुणाचा मुलाहिजा न ठेवता, सरळ एक. वेगाला, येतानाचा आणि जातानाचा, एक. मग त्याने कान दिला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"आवाज येत नाही."

"येत नाही म्हणजे?" एगोनने विचारलं.

"अजिबात नाही. मेलेला आहे."

"तरी मला वाटलंच. ती मागची तार बघा, ती सैल वाटतेय."

दोघे म्हातारे गुडघे मोडत टेबलाखाली शिरले. तारांचा गुंता होता. ही काढा, ती लावा, ती नाही हो, हिरवी. पडद्यावर ब्रेमेनच्या बाजूला फ्राउकेच्या लक्षात आलं असावं की पलीकडे काही तरी बिघडलंय, कारण तीही तिथल्या टेबलाखाली शिरली आणि तिची नुसती पाठ दिसू लागली. ट्राउडलबाई मदत म्हणून पडद्यापुढे वाकून, "आवाज येतोय का हो तुम्हाला?" असं आनेलोरेला जमेल तितक्या मोठ्याने विचारत होत्या.

"बाजूला सरक जरा, दिसत नाहीये," एगोन अंधारात म्हणाला. "अरे, सरक की झीगमार!"

दहा वर्षांनी आलेला तो 'अरे' झीगमारने ऐकला, आणि सरकायचं विसरून तिथेच बसून राहिला. त्याच वेळी हिरवी तार तिच्या भोकात गेली, आणि वरून हसणं ऐकू आलं.

रोझविथाचं हसणं त्याला ठाऊक होतं. चारचौघांत ती ते ओठ दाबून आवरते. लहानपणी कुणी तरी तिला सांगितलं होतं की तुझं हसणं फार मोठं आणि विचित्र येतं. आता ते आवरलेलं नव्हतं. खळखळून, घशातून, मधेच उंच जाऊन अडखळत, पुन्हा खाली येत ती हसत होती. आणि संगणकाच्या खोक्यातून, ब्रेमेनहून, हुबेहूब तेच हसणं येत होतं. तसंच घशातून, तसंच उंच जाऊन, त्याच जागी अडखळून. डोळे मिटले असते तर एकच बाई दोन ठिकाणी हसतेय असं वाटलं असतं. ज्या दोघींनी ते कधी ऐकलं नव्हतं, त्यांनी ते कुठून आणि कसं सारखं केलं होतं, देव जाणे.

टेबलाखाली एगोनने टोपी काढली.

तेवढ्यात रोझविथाचा लालबुंद, ओल्या डोळ्यांचा चेहरा टेबलाच्या कडेखाली आला. "काय करताय तिथे दोघं?"

"आवाज येत नव्हता," झीगमारने खूण केली.

रोझविथाने पडद्याकडे वळून बहिणीला हे सांगितलं. आनेलोरेने डाव्या हाताने आपल्या टेबलाखालची फ्राउके दाखवली. त्यावर दोघी अशा हसल्या की ट्राउडलबाईंना वाटलं आता कुणाला तरी पाणी द्यावं लागणार.

झीगमारला तोवर खरोखर समजलं नव्हतं. एगोनला आधी समजलं आणि त्याने कपाळाला हात लावला. मग झीगमारला समजलं. कान लाल होत होत तो टेबलाखालून बाहेर आला आणि आपली अब्रू सावरायला म्हणून त्याने बायकोला हातांनी, नेहमीच्याच बोजड खुणांनी सांगितलं, "तुम्ही दोघी अगदी सारख्या हसता. एकसारख्या."

"ठाऊक आहे," रोझविथा म्हणाली. "मला दिसतं की. आता बाजूला हो, तिचा चेहरा अडवलायस."

तो बाजूला झाला. त्या दिवसापासून गल्लीत सगळ्यांची जुनी लाइन परत येईपर्यंत, आणि आल्यावरही, रोझविथा रोज कॉफीच्या वेळी रस्ता ओलांडून समोर जाते. केक आळीपाळीने होतो, आणि एगोनच्या रुबार्बच्या केकला झीगमार दोन देतो.

त्या लाइनचं शेवटी काय ठरलं, असं गल्लीने त्याला विचारलंच. झीगमारने घसा खाकरून निकाल वाचला: चित्र एक, वेग एक, आवाज एक. फक्त आवाज हा विषय, तो जरा मान खाली घालून म्हणाला, ज्यांच्यासाठी लाइन घेतली त्यांनी मुळात घेतलाच नव्हता.